पीठासन आणि पक्ष : सोमनाथ चटर्जी यांची कारकीर्द

राज्यशास्त्राच्या चर्चासत्रासाठी विषय वाटले गेले तेव्हा राष्ट्रपती, पंतप्रधान, सर्वोच्च न्यायालय असे भारदस्त विषय पहिल्या बाकांवरच संपले आणि माझ्या वाट्याला 'लोकसभेचे सभापती' हा विषय आला. खरे सांगायचे तर मी थोडी हिरमुसलेच. दूरदर्शनच्या पडद्यावर सतत 'बसून घ्या, बसून घ्या' असे विनवणाऱ्या माणसावर वीस मिनिटे बोलायचे तरी काय, असे वाटले. पण ग्रंथालयात बसून वाचू लागले तसतसे ध्यानात आले की हे आसन दिसते तितके निवांत नाही. त्यावर बसलेल्या एका माणसाची हकीकत तर आमच्या घरातल्या एका जुन्या वादापर्यंत येऊन भिडली. त्या वेळच्या टिपणाचाच हा विस्तार आहे.

आधी शब्दाविषयी. आपल्या राज्यात विधानसभेचे 'अध्यक्ष' आणि विधान परिषदेचे 'सभापती' असा भेद रूढ आहे, आणि हल्ली लोकसभेच्या बाबतीतही 'अध्यक्ष' असेच लिहितात. तथापि जुन्या मराठी लेखनात 'लोकसभेचे सभापती' असाच प्रयोग आढळतो आणि पक्षाध्यक्षांशी होणारा घोटाळाही त्याने टळतो. म्हणून मी तोच शब्द ठेवला आहे.

सोमनाथ चटर्जी यांचा जन्म २५ जुलै १९२९ रोजी आसामातील तेजपूर येथे झाला. घराणे बंगालचे, घरात वकिली आणि चळवळ दोन्ही नांदत होत्या. वडील निर्मलचंद्र चटर्जी हे नामवंत कायदेपंडित, काही काळ कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि अखिल भारतीय हिंदु महासभेचे अध्यक्ष. सावरकरांमुळे हिंदु महासभा हे नाव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे. बंगालमध्ये त्याच संघटनेचे काम श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्याप्रमाणेच निर्मलचंद्रांनीही पुढे नेले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत महासभेचे अवघे चार सदस्य लोकसभेत पोहोचले. त्यांपैकी हुगळीचे सदस्य होते निर्मलचंद्र. अशा घरातला मुलगा पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट झाला, हे वाचून मला प्रथम वाटले की पिता-पुत्रांत उभा दावा असणार. वस्तुस्थिती निराळी निघाली. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, तेव्हा नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी समिती स्थापून त्यांच्या सुटकेची मागणी करणाऱ्यांत हेच महासभेचे पुढारी आघाडीवर होते. ज्योती बसू यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो यातूनच. पुढे १९६७ साली बर्दवान मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आले ते डाव्यांच्याच पाठिंब्यावर.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. चळवळीचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकाच झेंड्याखाली तीन पिढ्या नांदवणारे घर उभे राहते. चटर्जींच्या घरी मुलाला वारशाने झेंडा मिळाला नाही. ज्याचे मत पटत नाही त्याचेही वकीलपत्र घ्यावे, ही रीत मात्र मिळाली. पुढच्या आयुष्यात ते ज्या पेचात सापडले त्याचे मूळ मला इथे दिसते.

शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आणि मग केंब्रिजच्या जीझस कॉलेजात झाले. लंडनच्या मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९६८ मध्ये ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. १९७१ मध्ये पक्षाच्या पाठिंब्याने, वडिलांच्याच बर्दवानमधून, ते प्रथम लोकसभेत आले. नंतर जादवपूर आणि मग बोलपूर असे मतदारसंघ बदलत एकूण दहा वेळा ते निवडून आले. मध्ये एकदाच हरले. १९८४ साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, जादवपूरला एका तरुण काँग्रेस उमेदवाराने त्यांना पाडले. त्या उमेदवाराचे नाव ममता बॅनर्जी. पुढल्याच वर्षी बोलपूरच्या पोटनिवडणुकीतून ते परत आले. १९८९ पासून २००४ पर्यंत लोकसभेत आपल्या पक्षाचे ते नेते होते आणि १९९६ मध्ये उत्कृष्ट संसदपटू म्हणून त्यांचा गौरवही झाला. या तेहतीस वर्षांत मंत्रिपद एकदाही नाही. विरोधी बाकांवर उभे राहून घटनेची कलमे बोटांवर मोजत, चढ्या आवाजात सरकारला धारेवर धरणारा वकील, अशीच त्यांची प्रतिमा होती. असा माणूस सभापतीच्या खुर्चीत बसवला तर काय होईल? तोंडाळ विद्यार्थ्याला वर्गप्रमुख करण्याची शिक्षकांची जुनी युक्ती आठवते.

२००४ च्या निवडणुकीनंतर डाव्यांचे एकोणसाठ-साठ सदस्य निवडून आले; त्यांनी मंत्रिमंडळात न जाता बाहेरून संयुक्त पुरोगामी आघाडीला पाठिंबा दिला. मावळते सभापती होते आपले मनोहर जोशी. ते स्वतः मुंबईत पराभूत झाले होते. ज्येष्ठतेनुसार चटर्जी प्रथम हंगामी सभापती झाले आणि ४ जून २००४ रोजी एकमताने सभापती म्हणून निवडले गेले. नाव सोनिया गांधींनी सुचवले, अनुमोदन प्रणव मुखर्जींनी दिले आणि विरोधकांनीही ते स्वीकारले. कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य या आसनावर प्रथमच बसत होता.

आता या आसनाची पूर्वपीठिका पाहिल्याशिवाय पुढचा प्रसंग नीट कळायचा नाही. विलायतेत सभापती निवडून आला की तो आपल्या पक्षाचा कायमचा निरोप घेतो. बदल्यात मोठे पक्ष त्याच्या मतदारसंघात सहसा उमेदवार उभा करीत नाहीत. आपल्याकडे या प्रथेचा पहिला अर्धा भाग विठ्ठलभाई पटेलांनी आणला. १९२५ च्या ऑगस्टमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष म्हणून ते ५८ विरुद्ध ५६ मतांनी निवडून आले आणि त्याच वेळी आपण यापुढे कोणत्याही पक्षाचे नाही असे त्यांनी सभागृहात जाहीर केले. तेही चळवळीच्याच घरातले. वल्लभभाई त्यांचे धाकटे बंधू. मुंबईत ज्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि ज्यांचा पुतळा चौपाटीवर उभा आहे ते हेच विठ्ठलभाई. १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी बरोबरी झाली तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत सरकारच्या विरुद्ध टाकले. १९२९ च्या ८ एप्रिलला त्याच विधेयकावर ते निर्णय देणार, तोच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षागारातून बाँब टाकले. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा विठ्ठलभाईंनी अध्यक्षपद सोडले आणि ते चळवळीत गेले. आसनावर असेतोवर पक्ष नाही आणि चळवळ हवी असेल तर आसन नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

स्वतंत्र भारतात हा हिशेब सैल झाला. पहिल्या लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, पण अहमदाबादेत रुजलेल्या मराठी घराण्यातले. त्यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नाही. सक्रिय पक्षकार्य सोडायचे, पण पक्ष सोडायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. कारण मतदारसंघ बिनविरोध सोडण्याची विलायती प्रथा इथे नसल्याने सभापतीला पुढच्या निवडणुकीत पक्षाकडेच जावे लागते. इतक्या आदरणीय गृहस्थावरही १९५४ च्या डिसेंबरात अविश्वासाचा ठराव आला होता. तो फेटाळला गेला. पण सभापतीच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतली जाऊ शकते हे त्या दिवशी लोकसभेच्या इतिहासात नोंदले गेले. त्या लोकसभेत हुगळीचे निर्मलचंद्र चटर्जी सदस्य होते, ही गंमत सहज सांगून ठेवते.

१९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी सभापती होताच काँग्रेसचा राजीनामा दिला. पुढे फारसे कोणी त्यांच्या मागे गेले नाही. मग १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली आणि पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ लागले. त्या अनुसूचीत पाचवा परिच्छेद असा आहे की सभापतिपदावर निवड झाल्यामुळे जो सदस्य आपल्या पक्षाचे सदस्यत्व सोडेल तो अपात्र ठरणार नाही. पद सुटल्यावर तो पक्षात परतही जाऊ शकेल. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी हे दार मुद्दाम उघडे ठेवले होते. ते ओलांडायचे की नाही हे मात्र त्या त्या माणसावर सोडले. चटर्जींनी २००४ मध्ये ते ओलांडले नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

सभापती म्हणून त्यांची पाच वर्षे सुखाची गेली नाहीत. २००४ च्या जुलैपासून शून्य प्रहराचे कामकाज दूरदर्शनवरून थेट दाखवायला सुरुवात झाली, आणि २००६ च्या जुलैत लोकसभेची स्वतंत्र चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली. आपले प्रतिनिधी काय करतात ते लोकांना दिसले की ते लाजेकाजेस्तव नीट वागतील, हा त्यामागचा विश्वास. तो फळला असे म्हणवत नाही. गोंधळ चालूच राहिला, किंबहुना त्याला आता प्रेक्षक मिळाले. २००९ च्या फेब्रुवारीत, त्या लोकसभेचे शेवटचे अधिवेशन चालू असताना, चटर्जींचा संयम इतका सुटला की तुम्ही सगळे येत्या निवडणुकीत पडा, जनतेच्या पैशातला एक पैसाही घ्यायची तुमची लायकी नाही, अशा आशयाचे ते सभागृहाला बोलून गेले. सभापतीने असे बोलावे का? माझ्या मते बोलू नये. पण ज्याने ते दृश्य पाहिले असेल त्याला त्या म्हाताऱ्या माणसाचा राग खोटा वाटणार नाही.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कडक निर्णय डिसेंबर २००५ मधला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना काही खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि १२ डिसेंबरला ते चित्रण एका वृत्तवाहिनीने दाखवले. चटर्जींनी त्याच दिवशी दखल घेऊन पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २३ डिसेंबरला लोकसभेने आपले दहा आणि राज्यसभेने आपला एक असे अकरा सदस्य काढून टाकले. अवघे अकरा दिवस! त्या दहांत दोघे आपल्या खानदेशातले होते, एक जळगावचे आणि एक एरंडोलचे, म्हणून त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांतूनही या प्रकरणाची पुष्कळ चर्चा झाली. याला पूर्वीचा दाखला होता तो हंगामी संसदेतला. १९५१ मध्ये मुद्गल नावाच्या सदस्यावर मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेतल्याचा आरोप सिद्ध झाला. खुद्द नेहरूंनी ठराव मांडला आणि मतदानापूर्वीच मुद्गल यांनी राजीनामा दिला. २००५ मध्ये भाजपने सभात्याग केला. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा फार मोठी, आणि तीही घाईने दिलेली, असे त्यांचे म्हणणे होते. घाई झाली हे मलाही वाटते. काढलेले सदस्य न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाची नोटीस स्वीकारायलाच चटर्जींनी नकार दिला : सभागृहाच्या कारभाराबद्दल सभापती न्यायालयाला जाब देत नाही, ही त्यांची भूमिका. १० जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हकालपट्टी वैध ठरवली, परंतु अशा कृतीची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे हेही बजावले. निकाल चटर्जींच्या बाजूचा आणि तत्त्व न्यायालयाच्या बाजूचे, असा तो प्रकार होता.

न्यायालयाशी त्यांचा खटका त्याआधीही उडाला होता. मार्च २००५ मध्ये झारखंडच्या विधानसभेत ठराविक दिवशी बहुमताची चाचणी घ्यावी आणि तिचे चित्रीकरण करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. हे विधिमंडळाच्या अधिकारावरचे अतिक्रमण आहे असे चटर्जींनी जाहीरपणे म्हटले. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. राज्यपाल एका बाजूला झुकलेले आहेत असे दिसत असताना न्यायालयाने डोळे मिटून बसावे, ही अपेक्षा घटनेच्या नावाने करणे मला पटत नाही. आणखी एका प्रकरणात तर ते स्वतःच अडचणीत होते. २००६ मध्ये 'लाभाच्या पदा'वरून जया बच्चन यांचे सदस्यत्व गेले, सोनिया गांधींनी राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवली. चटर्जी श्रीनिकेतन-शांतिनिकेतन विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. संसदेने कायदा दुरुस्त करून छप्पन्न पदे वगळली, त्यांत हेही आले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते विधेयक एकदा परत पाठवले, संसदेने पुन्हा तसेच मंजूर केले. स्वतःचे पद वाचवणारी दुरुस्ती आपल्याच कारकिर्दीत होणे, ही गोष्ट चटर्जींसारख्याला शोभणारी नव्हती.

आता जुलै २००८. अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला आणि पाठिंबा काढणाऱ्या खासदारांची यादी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्याकडे दिली. त्या यादीत सोमनाथ चटर्जी हे नाव होते. सभापतीचे नाव, सरकार पाडू पाहणाऱ्यांच्या यादीत! चटर्जी दुखावले. पक्षाची अपेक्षा अशी की त्यांनी सभापतिपद सोडावे, साध्या सदस्यासारखे बाकावर येऊन बसावे आणि विश्वासदर्शक ठरावाच्या विरुद्ध मत द्यावे. त्यांनी नकार दिला. सभापतीची निवड सर्व सभागृहाने केली आहे, एका पक्षाने त्याला मागे बोलावता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. भाजपच्या बरोबरीने मतदान करणे आपल्याला मान्य नाही, हेही कारण त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. या दुसऱ्या कारणाने त्यांची पहिली बाजू लंगडी पडते असे मला वाटते. निःपक्ष माणसाने आपण कोणाबरोबर मत देऊ आणि कोणाबरोबर देणार नाही याचा विचार तरी कशाला करावा?

२१ आणि २२ जुलैला चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी भाजपच्या तीन सदस्यांनी सभागृहात पिशव्यांतून नोटांच्या गड्ड्या काढून मेजावर ठेवल्या आणि आपल्याला फोडण्यासाठी हे पैसे दिले गेले असा आरोप केला. कामकाज थांबले, पुन्हा सुरू झाले. गोंधळात पंतप्रधान मनमोहन सिंग यांना उत्तराचे भाषणही करता आले नाही. ते त्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवले. यंत्रावर मते नोंदली गेली, उरलेली चिठ्ठ्यांवर घेतली गेली, आणि निकाल लागला तो २७५ विरुद्ध २५६. सरकार तरले. सभापतीला मत असते ते केवळ बरोबरी झाली तर; ती झाली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, पक्षाने चटर्जींची हकालपट्टी केली. चाळीस वर्षांचे सदस्यत्व एका दिवसात संपले. आपल्या आयुष्यातल्या अत्यंत दुःखाच्या दिवसांपैकी हा एक, असे ते म्हणाले.

इथे आमच्या घरातल्या वादाकडे येते. माझे आजोबा सोलापूरच्या कापड गिरणीत कामाला होते आणि हयातभर लाल बावट्याच्या युनियनमध्ये. त्या २२ जुलैला ते टीव्हीसमोरून उठले नाहीत, जेवायलाही नाही, असे आजी सांगते. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अगं, निवडून कुणाच्या नावावर आला होता तो? बोलपूरच्या शेतमजुरांनी मत दिलं ते विळ्या-हातोड्याला. खुर्ची मिळाली तीही पक्षानं पाठिंबा दिला म्हणून. आणि पक्षाला गरज पडली त्या दिवशी म्हणतो, मी कुणाचाच नाही!" सर मात्र वर्गात अगदी उलट शिकवतात. लोकसभेच्या खुर्चीसाठी पक्ष गमावणारा माणूस म्हणून ते चटर्जींचे नाव आदराने घेतात. मी दोघांचीही आहे, त्यामुळे मला हा विषय 'एकीकडे असे, दुसरीकडे तसे' म्हणून सोडून देता आला नाही.

माझे मत असे बनले आहे की २२ जुलै २००८ रोजी चटर्जी बरोबर होते. त्यांची चूक झाली होती ४ जून २००४ रोजी. सरकारचे मरण-जगणे ठरण्याच्या ऐन दिवशी सभापतीने पक्षाच्या आज्ञेवरून खाली उतरावे, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रत्येक सभापती पक्षाच्या दोरीला बांधला गेला. त्या दिवशी ते उतरले नाहीत हे चांगलेच झाले. पण ज्या दिवशी ते आसनावर चढले त्याच दिवशी पाचव्या परिच्छेदाचे दार ओलांडून त्यांनी पक्षाचा निरोप घेतला असता, तर चार वर्षांनी त्यांचे नाव कोणाच्या यादीत घालण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. पक्षालाही फसल्यासारखे वाटले नसते आणि आजोबांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले असते. सदस्यत्व ठेवायचे, आणि पक्ष ते सदस्यत्व मोजू लागला की दुखावून जायचे, यात विठ्ठलभाईंचा सरळपणा नाही. चटर्जींचे मन पक्षाबाहेर निघाले होते, नाव निघाले नव्हते. पक्षाने नावावर बोट ठेवले.

हा केवळ एका माणसाच्या स्वभावाचा प्रश्न नाही. दहाव्या अनुसूचीने सभापतीला न्यायाधीशही केले आहे. कोणत्या सदस्याने पक्षांतर केले आणि कोण अपात्र, हे तोच ठरवतो. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही व्यवस्था मान्य केली. मतभेद नोंदवणाऱ्या दोन न्यायमूर्तींचा आक्षेप नेमका हाच होता की सभापतीचे पद सभागृहातल्या बहुमतावर टिकते, त्याच्याकडून निःपक्ष निवाड्याची अपेक्षा कशी करावी? आपल्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यानंतर अपात्रतेच्या अर्जांवरील निकाल विधानसभाध्यक्षांनी दिला तो १० जानेवारी २०२४ रोजी, आणि तोही सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा घालून दिल्यावर. त्या निकालाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. पण गावोगावच्या चहाच्या टपरीवर लोक आधी 'अध्यक्ष कोणत्या पक्षाचे?' हे विचारीत होते आणि त्यावरून निकालाचा अंदाज बांधीत होते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

हकालपट्टीनंतर चटर्जी लोकसभेची मुदत संपेपर्यंत सभापती राहिले. २००९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. त्यांच्या जागी मीरा कुमार आल्या, त्याही जगजीवन राम यांच्या कन्या, म्हणजे पुन्हा चळवळीच्या घरातल्याच. २०१० मध्ये चटर्जींचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पक्षात परत घेण्याविषयी अधूनमधून बोलले जाई, पण ते घडले नाही. १३ ऑगस्ट २०१८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. पार्थिव उच्च न्यायालयात आणि विधानसभेत नेण्यात आले, बंदुकींची सलामी झाली, आणि मग त्यांच्या इच्छेप्रमाणे ते वैद्यकीय शिक्षणासाठी रुग्णालयाला देण्यात आले. त्यावर लाल झेंडा पांघरण्याची पक्षाची इच्छा होती. घरच्यांनी ती नाकारली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी आजोबांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. चार जूनचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी मान डोलावली, मला वाटले पटले. संपल्यावर म्हणाले, "बरं लिहिलंस. पण एक सांग, दोन हजार चारलाच त्यानं राजीनामा दिला असता, तर पुढल्या निवडणुकीत बोलपूरला त्याच्यासमोर कुणी उमेदवार उभा केला नसता का?"

केला असता, असे मी म्हटले. आजोबांनी चष्मा पुसला आणि झारखंडाबद्दलचे पान पुन्हा वाचायला मागितले.